पंप लावायचा की नाही? बायपास आणि अधू किडनी : एका रुग्णाचं प्रकरण

मधुमेहानं किडनी आधीच अधू झालेली असते आणि त्यातच बायपासची वेळ येते. अशा रुग्णाच्या घरचे लोक हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात : "डॉक्टर, पंप न लावता करा की. त्यानं किडनी वाचते म्हणतात." पंप म्हणजे ऑपरेशनच्या वेळी हृदयाचं आणि फुप्फुसांचं काम करणारं यंत्र. हा प्रश्न सर्जनकडे जातो, भूलतज्ज्ञाकडे जातो आणि शेवटी माझ्यासारख्या किडनीच्या डॉक्टरकडे येतो. त्याचं उत्तर एका शब्दात देण्याचा मोह होतो, पण ते उत्तर खरं नसतं. म्हणून एक प्रकरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत मांडतो.

आधी एक खुलासा. इथली रुग्ण ही कुणी एक व्यक्ती नाही. हे प्रकरण शिकवण्यासाठी उभं केलेलं आहे आणि त्यातले आकडे आपल्याकडच्या असंख्य बायकांना लागू पडतील असे ठेवले आहेत. अभ्यासांचे म्हणून दिलेले आकडे मात्र प्रसिद्ध झालेल्या संशोधनातले आहेत.

रुग्ण

वय ६७, वजन ५२ किलो. माणदेशातल्या शेतकरी कुटुंबातल्या बाई. वॉर्डात सगळे त्यांना मावशी म्हणत. मधुमेह अठरा वर्षांचा, रक्तदाब दहा वर्षांचा. दोन-तीन महिन्यांपासून घरातल्या घरात चाललं तरी छाती भरून येई, थांबलं की पाच मिनिटांत उतरे. गोळ्या वाढवूनही त्रास जाईना. अँजिओग्राफीत तिन्ही मोठ्या रक्तवाहिन्यांत अडथळे निघाले. हृदयाच्या पुढच्या भिंतीला रक्त देणारी एलएडी सुरुवातीलाच नव्वद टक्के बंद, उजवी वाहिनी पूर्ण बंद, मागच्या बाजूची फांदी बारीक आणि लांबवर खडबडीत. हृदयाची पंपिंग ४५ टक्के. हिमोग्लोबिन ९.६.

आणि क्रिएटिनिन १.४.

पाठवताना चिठ्ठीत "क्रिएटिनिन किंचित वाढलेलं" असं लिहिलं होतं. या "किंचित"पाशी मला थांबावंच लागतं. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं आणि किडनी ते गाळून बाहेर टाकते. धडधाकट, सत्तर-ऐंशी किलोच्या तरुण पुरुषाचं क्रिएटिनिन १.४ असेल, तर त्याच्या किडनीचं काम बऱ्यापैकी चालू असू शकतं. ५२ किलोच्या, सदुसष्ट वर्षांच्या, स्नायू झिजलेल्या बाईच्या बाबतीत तोच आकडा वेगळंच सांगतो. वय आणि लिंग धरून २०२१ च्या सूत्रानं हिशेब केला, तर गाळणक्षमता म्हणजे ईजीएफआर येतो जेमतेम ४१. साठच्या वर असायला हवा, तिथे ४१. हा दीर्घकालीन किडनीविकाराचा तिसऱ्या टप्प्यातला खालचा अर्धा भाग झाला. शिवाय लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन भरपूर जात होतं, दर ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३२० मिलिग्रॅम. म्हणजे किडनीची चाळणीही फाटलेली. बायपासनंतर डायलिसिस लागण्याचा धोका कुणाला जास्त, याचे अंदाज बांधणाऱ्या गुणांकांत बाई असणं, इन्सुलिन लागणारा मधुमेह, कमकुवत हृदय, तातडीचं ऑपरेशन आणि आधीचं क्रिएटिनिन या गोष्टी धरलेल्या असतात. मावशींना इन्सुलिन नव्हतं आणि तातडीही नव्हती. तरीही त्या जोखमीच्या गटात मोडत होत्या आणि चिठ्ठी वाचून ते कुणाच्या लक्षात आलं नसतं.

गोळ्यांची पिशवी समोर ओतली. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, टेल्मिसार्टन, डॅपाग्लिफ्लोझिन, ॲस्पिरिन, स्टॅटिन. आणि तळाशी, कुठल्याच चिठ्ठीवर नसलेली, डायक्लोफिनॅकची अर्धी पट्टी. "गुडघं लई दुखत्यात. ती घेतली की रानात जाता येतं," मावशी म्हणाल्या. वर्षभर, आठवड्यातून चार-पाच वेळा. टेल्मिसार्टन या रक्तदाबाच्या गोळीवर असलेल्या मधुमेही रुग्णानं वारंवार असं वेदनाशामक घेणं म्हणजे किडनीत येणारं रक्त एका टोकाला कमी करायचं आणि दुसऱ्या टोकाला दाब टिकवण्याची सोय काढून घ्यायची. या पट्टीबद्दल त्यांना तोवर कुणी विचारलं नव्हतं.

ऑपरेशन करायचंच का?

हा प्रश्न किडनीवाल्यानं विचारायलाच हवा. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या इस्किमिया-सीकेडी या अभ्यासात ईजीएफआर तीसच्या खाली असलेले किंवा डायलिसिसवरचे ७७७ रुग्ण होते, सगळे स्थिर हृदयविकाराचे. सरसकट अँजिओग्राफी आणि पुढे स्टेंट वा बायपास केलेल्यांत तीन वर्षांत मृत्यू किंवा हार्ट ॲटॅक ३६.४ टक्के, आधी औषधांवर ठेवलेल्यांत ३६.७ टक्के. फरक काहीच नाही. किडनी फार गेलेली असेल आणि त्रास थोडा असेल, तर सुरी लांब ठेवणंच बरं.

मावशी त्या गटातल्या नव्हत्या. ईजीएफआर ४१, मधुमेह, तिन्ही वाहिन्यांत अडथळे, हृदय थोडं थकलेलं आणि औषधांना न जुमानणारं दुखणं. मधुमेही आणि एकाहून अधिक वाहिन्यांत अडथळे असलेल्या १,९०० रुग्णांवरचा फ्रीडम अभ्यास २०१२ चा. पाच वर्षांत मृत्यू, हार्ट ॲटॅक किंवा पक्षाघात यांपैकी काहीतरी झालेले रुग्ण स्टेंटच्या गटात २६.६ टक्के आणि बायपासच्या गटात १८.७ टक्के होते. इथे बायपासच योग्य, यावर आमच्यात दुमत नव्हतं.

कधी करायचं, यावर मात्र बराच वाद झाला, आणि माझ्या मते या प्रकरणाचा खरा निकाल तिथे लागला. अँजिओग्राफीनंतर तिसऱ्या दिवशी क्रिएटिनिन १.८ झालं. अँजिओग्राफीत टोचलेल्या रंगद्रव्याचा किडनीवरचा परिणाम असा दोन-तीन दिवसांनी दिसतो. दुसऱ्या दिवशीचा चांगला रिपोर्ट पाहून निर्धास्त होता येत नाही. नुकत्याच दुखावलेल्या किडनीवर त्याच आठवड्यात दुसरा घाव घालायचा नाही, हे माझं म्हणणं. एलएडीच्या तोंडाशी नव्वद टक्के अडथळा आहे, फार थांबू नका, हे सर्जनचं म्हणणं. दोघंही बरोबर. मुख्य डावी वाहिनी बंद असती किंवा बसल्या जागी दुखत असतं, तर मी माघार घेतली असती. इथे दुखणं फक्त चालताना येत होतं आणि विश्रांतीनं जात होतं. साधारण अडीच आठवडे मिळाले. महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या मंजुरीचा वेळही त्यातच गेला.

या अडीच आठवड्यांत काय केलं? डायक्लोफिनॅक बंद, गुडघ्यासाठी पॅरासिटॅमॉल आणि शेक. शिरेतून लोह, कारण तपासणीत लोहाचा साठा रिकामाच निघाला. मेटफॉर्मिनचा डोस आधी निम्मा, मग ऑपरेशनपूर्वी बंद. डॅपाग्लिफ्लोझिन तीन दिवस आधी बंद. ही गोळी चालू ठेवून उपाशीपोटी मोठं ऑपरेशन केलं, तर साखर फारशी न वाढताही रक्त आम्लधर्मी होऊ शकतं आणि ते चटकन ओळखू येत नाही. टेल्मिसार्टन दोन दिवस आधी थांबवलं. क्रिएटिनिन पुन्हा १.४ वर आलं, हिमोग्लोबिन ९.६ वरून १०.४ वर गेलं. पाऊण ग्रॅमची वाढ कुणाला क्षुल्लक वाटेल. तिची किंमत पुढे आकड्यांत दाखवतो.

पंपाचा प्रश्न

बायपास करताना हृदय थांबवायचं आणि त्याचं व फुप्फुसांचं काम यंत्राकडे सोपवायचं, ही नेहमीची पद्धत. असं यंत्र वापरून पहिलं यशस्वी हृदय-ऑपरेशन जॉन गिबन यांनी १९५३ साली फिलाडेल्फियात केलं. पायातली नस वापरून केलेल्या बायपासला रूढ केलं ते १९६७ पासून क्लीव्हलंडमध्ये रेने फावालोरो यांनी. पण त्याच्याही आधी, १९६४ मध्ये, लेनिनग्राडच्या वासिली कोलेसोव यांनी छातीतली धमनी चालत्या हृदयाच्या वाहिनीला जोडली होती, यंत्राशिवाय. पंप सुधारत गेला तशी ती वाट मागे पडली. पुढे अर्जेंटिनात बेनेटी आणि ब्राझीलमध्ये बुफोलो यांनी ती चालू ठेवली. १९९० च्या दशकात नेदरलंड्समधल्या उट्रेख्टला हृदयाचा जोडणीपुरता तुकडा स्थिर धरणारं चोषकांचं उपकरण तयार झालं आणि ऑफ-पंप, म्हणजे पंपाशिवायची, बायपास जगभर पसरली. भारतात तर तिनं चांगलंच मूळ धरलं. आपल्याकडचे कितीतरी सर्जन ती रोज, सफाईनं करतात.

पंपानं किडनी दुखावते, हा तर्क पोकळ नाही. शरीरातल्या रक्तप्रवाहाचा पाचवा ते चौथा हिस्सा किडनीकडे जातो, पण किडनीच्या आतल्या गाभ्याला प्राणवायू मुळातच बेताचा मिळतो. पंपावर नाडीचे ठोके नसतात, रक्त पातळ होतं, नळ्यांशी घासून तांबड्या पेशी फुटतात आणि सुटं हिमोग्लोबिन किडनीच्या सूक्ष्म नलिकांत जाऊन बसतं. सगळ्या शरीरात दाह पेटतो. महाधमनीला चिमटा लावताना-काढताना तिथलं किटण सुटून किडनीच्या वाहिन्यांत जाऊ शकतं. एवढं सगळं टळत असेल तर किडनी वाचायलाच हवी, असं कुणालाही वाटेल. मलाही बरीच वर्षं वाटत होतं.

याची तपासणी कॅनडातल्या हॅमिल्टनमधून चाललेल्या कोरोनरी या अभ्यासानं केली. १९ देशांतली ७९ केंद्रं, भारतातलीही त्यांत होती. ४,७५२ रुग्ण, चिठ्ठी टाकावी तसे दोन गटांत वाटलेले. दोन्ही पद्धतींचे सर्जन अनुभवी, त्या त्या पद्धतीची शंभराहून अधिक ऑपरेशनं केलेले. २०१२ साली पहिल्या तीस दिवसांचे निकाल आले. मृत्यू, पक्षाघात, हार्ट ॲटॅक किंवा नव्यानं डायलिसिस यांपैकी काहीतरी घडलं ते ऑफ-पंपमध्ये ९.८ टक्के आणि पंपावर १०.३ टक्के रुग्णांत, म्हणजे सारखंच. नव्यानं डायलिसिस १.२ आणि १.१ टक्के, तेही सारखंच. ऑफ-पंपमध्ये रक्त कमी लोकांना द्यावं लागलं, ५०.७ टक्क्यांना, पंपावर ६३.३ टक्क्यांना. उलट, लगेच पुन्हा अँजिओप्लास्टी वा बायपास करण्याची वेळ ऑफ-पंपमध्ये जास्त आली, ०.७ टक्के विरुद्ध ०.२ टक्के.

त्याच अभ्यासातल्या २,९३२ रुग्णांच्या किडनीचा वर्षभर मागोवा घेतला गेला आणि तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. मावशींच्या मुलाला मी कागदावर लिहून दाखवले ते याच मागोव्याचे आकडे. ऑपरेशननंतरच्या महिन्यात क्रिएटिनिन निम्म्यानं किंवा त्याहून जास्त वाढलं असे रुग्ण ऑफ-पंपमध्ये १७.५ टक्के, पंपावर २०.८ टक्के. फरक खरा आहे, योगायोगाचा नाही. पण वर्षानंतर किडनीची क्षमता वीस टक्के किंवा अधिक घटलेले रुग्ण ऑफ-पंपमध्ये १७.१ टक्के आणि पंपावर १५.३ टक्के. इथे ऑफ-पंपचा फायदा नाहीसा झाला. आधीपासून किडनीविकार असलेल्या रुग्णांतही तेच चित्र.

म्हणजे महिन्याभरातली इजा कमी झाली, तरी वर्षाची किडनी वाचली नाही. असं का व्हावं? क्रिएटिनिन वर जाऊन खाली येणं ही प्रत्येक वेळी कायमची जखम नसते. पाणी, दाब, रक्ताचं पातळपण यांनीही ते हलतं. आणि वर्षभरात किडनी जी झिजते ती मधुमेहानं, रक्तदाबानं, गुडघ्याच्या गोळ्यांनी आणि न झालेल्या तपासण्यांनी. तिच्यावर ऑपरेशनमधल्या पंपाचा ताबा चालत नाही. आपण "किडनीला इजा" म्हणून जे मोजतो आणि रुग्णाला ज्याची भीती असते, म्हणजे डायलिसिस, त्या दोन गोष्टींत अंतर आहे. ते अंतर न सांगता "ऑफ-पंपनं किडनी वाचते" असं घरच्यांना सांगणं मला पटत नाही.

आमचा निर्णय

आम्ही मावशींचं ऑपरेशन पंपावर करायचं ठरवलं. किडनीच्या डॉक्टरनं याला होकार दिला, याचं मुलाला आश्चर्य वाटलं.

कारण वाहिन्या होत्या. मागच्या फांदीपर्यंत पोचायचं तर हृदय उचलून उभं करावं लागतं. थकलेलं हृदय असं उचललं की दाब कोसळतो आणि तो कोसळलेला दाब किडनी सगळ्यांत आधी भोगते. दीड मिलिमीटरच्या, चुना बसलेल्या फांदीला हलत्या हृदयावर टाका घालताना जोडणी अपुरी राहिली, तर ऑपरेशन कशासाठी केलं? अमेरिकेतल्या लष्करी निवृत्तांच्या रुग्णालयांतल्या २,२०३ रुग्णांवरच्या रूबी अभ्यासात वर्षानंतर ऑफ-पंपच्या ८२.६ टक्के जोडण्या उघड्या होत्या, पंपावरच्या ८७.८ टक्के. त्या अभ्यासातले सर्जन तितके अनुभवी नव्हते, हा आक्षेप योग्यच आहे. आमचे सर्जन अनुभवी होते. त्यांनीच सांगितलं की या हृदयात तिन्ही जोडण्या चालत्या हृदयावर मी नीट करू शकेन याची मला खात्री नाही. ऑपरेशन अर्ध्यावर आल्यावर, दाब कोसळल्यावर घाईघाईनं पंपावर जावं लागणं, हा किडनीसाठी सगळ्यांत वाईट प्रसंग. तो टाळायचा तर आधीच शांतपणे पंपावर गेलेलं बरं.

महाधमनी मात्र तपासून घेतली. आधी रंगद्रव्याशिवायचा सीटी, मग ऑपरेशनच्या टेबलावर महाधमनीवरच ठेवून सोनोग्राफी. चिमट्याच्या जागी चुना नव्हता. असता, तर मीच आग्रह धरला असता की महाधमनीला हात न लावता, छातीतल्या धमन्यांवरच सगळा भार टाकून, ऑफ-पंप करा. तिथे पक्षाघाताचा धोका इतका असतो की बाकीचा हिशेब मागे पडतो.

आणखी एका गोष्टीवर मी अडून बसलो. सर्जनला मनगटाजवळची रेडियल धमनी वापरायची होती. नसेपेक्षा ती जास्त टिकते. मी नको म्हटलं. ईजीएफआर ४१ आणि लघवीतून एवढं अल्ब्युमिन जाणाऱ्या मधुमेही बाईला पुढेमागे डायलिसिस लागू शकतं आणि तेव्हा फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर यांची जोडणी, करायला हाताच्या धमन्या आणि शिरा शाबूत लागतात. एलएडीला छातीतली डावी धमनी आणि बाकी दोन जागी पायातली नस असं ठरलं. डाव्या हाताच्या पुढच्या भागात सलाइनची सुई लावायची नाही, अशी सूचना फाइलवर लाल पेनानं लिहिली. अशी सूचना मी जवळजवळ कधीच कुठल्या फाइलवर पाहत नाही आणि याची मला खंत वाटते.

पंपावरचा हिशेब

आता त्या पाऊण ग्रॅम हिमोग्लोबिनकडे. ५२ किलोच्या बाईत रक्त साधारण ३.४ लिटर. पंपाच्या नळ्या भरायला नेहमीसारखं १.२ लिटर द्रव घेतलं असतं आणि हिमोग्लोबिन ९.६ च असतं, तर पंपावर ते सातच्या आसपास आलं असतं. शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला मिनिटाला २.४ लिटर या नेहमीच्या प्रवाहानं शरीराला मिळणारा प्राणवायू झाला असता सुमारे २४५ मिलिलिटर. हा आकडा २८० च्या वर ठेवला तर किडनीची इजा कमी होते, असं २०१८ च्या गिफ्ट अभ्यासात दिसलं. म्हणजे मावशी पंपावर जाताच धोक्याच्या रेषेखाली गेल्या असत्या, मॉनिटरवर रक्तदाब कितीही चांगला दिसला तरी. धडधाकट पुरुषाला चालणारा पंपाचा नेम छोट्या, रक्त कमी असलेल्या बाईला चालत नाही. आपल्याकडच्या बायकांच्या बाबतीत या एका मुद्द्याकडे अजून पुरेसं लक्ष जात नाही, असं मला कळकळीनं वाटतं.

लोह देऊन हिमोग्लोबिन १०.४ झालं होतं. पंप चालवणाऱ्या पर्फ्यूजनिस्टनं आखूड नळ्यांचा संच घेतला आणि सुरुवातीचं द्रव मावशींच्याच रक्तानं मागे ढकलून बाहेर काढलं, त्यामुळे भर फक्त सातशे मिलिलिटरची पडली. पंपावर हिमोग्लोबिन ८.५ राहिलं आणि प्राणवायूचा आकडा २९० च्या जवळ. हृदय थांबवणारं द्रावण दिल्यावर हिमोग्लोबिन ७.९ पर्यंत उतरलं, तेव्हा रक्ताची पिशवी न मागवता प्रवाह २.६ केला, आकडा पुन्हा २९५ झाला. सरासरी दाब सत्तरच्या वर ठेवला, शरीर ३७ अंशांपलीकडे तापू दिलं नाही, साखरेला इन्सुलिनचा ठिबक लावला, स्टार्चची सलाइनं टाळली. तिन्ही जोडण्यांतला प्रवाह मोजून पाहिला, चांगला होता.

पहिली रात्र

रात्री लघवी तासाला वीस मिलिलिटरवर आली. किलोमागे अर्ध्या मिलिलिटरपेक्षा कमी, आणि सहा तास तशीच राहिली तर तिला किडनीची इजा म्हणायचं. रात्रपाळीच्या डॉक्टरांना लगेच दोन पर्याय सुचले : एक सलाइन द्या, नाहीतर लघवी वाढवणारं फुरोसेमाइड द्या. दोन्हींपैकी काही देण्याआधी मी एक वजाबाकी करायला सांगितली. सरासरी रक्तदाब ६६, मानेतल्या शिरेतला दाब १५. किडनीतून रक्त ढकलायला उरले ५१. घरी ज्यांचा वरचा दाब दीडशे असायचा, त्यांच्या किडनीला हे अपुरं होतं. रक्त कमी आलं की किडनी थांबते. मागून तुंबल्यानंही ती थांबते. अशा वेळी सलाइननं नुकसानच झालं असतं. इकोत हृदयाभोवती रक्त साचलेलं नाही हे आधी बघितलं. उजवा कप्पा मंद होता. हृदयाला जोर देणारं डोब्युटामिन आणि दाब वाढवणारं नॉरॲड्रिनॅलिन लावलं, तुंबलेलं पाणी काढायला फुरोसेमाइड दिलं. पहाटेपर्यंत सरासरी दाब ७८, शिरेतला १०, फरक ६८. लघवी वाढली. फुरोसेमाइडनं किडनी बरी होत नाही; ते तुंबलेलं पाणी उतरवण्यासाठी होतं. किडनीसाठी म्हणून दिलं जाणारं थोड्या डोसचं डोपामिन तर कधीच निकालात निघालं आहे.

अशी बारीक देखरेख उपयोगी पडते याला पुरावा आहे. जर्मनीतल्या म्युन्स्टरमध्ये पंपावरच्या हृदय-ऑपरेशननंतर लघवीतल्या खुणांवरून जास्त जोखमीचे ठरलेल्या २७६ रुग्णांत दाब, पाणी, साखर आणि किडनीला घातक औषधं यांवर काटेकोर लक्ष ठेवलं, तेव्हा किडनीची इजा ७१.७ टक्क्यांवरून ५५.१ टक्क्यांवर आली. शिरेतून अमिनो आम्लं देण्याचा ३,५११ रुग्णांवरचा अभ्यास २०२४ मध्ये आला. त्यात इजा ३१.७ वरून २६.९ टक्के झाली, डायलिसिसच्या प्रमाणात मात्र ठळक फरक पडला नाही. मावशींना आम्ही ती दिली नाहीत.

क्रिएटिनिन पहिल्या दिवशी १.७, दुसऱ्या दिवशी २.२. मुलगा घाबरला. "डायलिसिस लागणार का?" पोटॅशियम नीट, फुप्फुसात पाणी नाही, लघवी चालू. अशा वेळी नुसत्या आकड्यासाठी डायलिसिस करायचं नाही. २०२० च्या स्टार्ट-एकेआय अभ्यासात तीन हजारांवर रुग्ण होते; घाईनं डायलिसिस सुरू केलेले आणि गरज पडेपर्यंत थांबलेले, यांच्या मृत्यूच्या प्रमाणात फरक नव्हता. थांबलो. तिसऱ्या दिवशी हृदयाचे ठोके अनियमित झाले, बायपासनंतर ते बऱ्याच जणांना होतं. औषधानं ताळ्यावर आले. पाचव्या दिवशी क्रिएटिनिन १.८, घरी जाताना १.६.

पुढचे तीन महिने

दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पाहून टेल्मिसार्टन पुन्हा सुरू केलं, नंतर डॅपाग्लिफ्लोझिन. किडनी दुखावली म्हणून ही औषधं कायमची बंद करून टाकणारे बरेच भेटतात, आणि वर्षाची झीज वाढते ती तिथेच. मेटफॉर्मिन निम्म्या डोसवर राहिलं.

तीन महिन्यांनी क्रिएटिनिन १.५, ईजीएफआर ३८. कोरोनरी अभ्यासात धरलेल्या वीस टक्क्यांच्या घटीपासून हे बरंच दूर आहे. पण वजन ४९ किलो झालेलं. स्नायू झिजले की क्रिएटिनिन खोटं चांगलं दिसतं, म्हणून स्नायूंवर तितकं अवलंबून नसलेलं सिस्टॅटिन-सी तपासायला पाठवलं. त्यावरून ईजीएफआर ३५ निघाला. हाच आकडा पुढच्या औषधांसाठी धरायचा, असं फाइलवर लिहिलं.

छातीतलं दुखणं गेलं होतं. मावशी रानात जाऊ लागल्या होत्या आणि गुडघे पुन्हा दुखायला लागले होते.

याच मावशींचं दुसऱ्या एखाद्या केंद्रात, रोज ऑफ-पंप करणाऱ्या सर्जननं यंत्राशिवाय ऑपरेशन केलं असतं, तर मी ते चूक म्हटलं नसतं. कदाचित क्रिएटिनिन २.२ च्या ऐवजी १.८ वर थांबलं असतं आणि मुलाच्या दोन रात्री सुखाच्या गेल्या असत्या. सर्जनच्या हाताला जे साधतं ते त्यानं करावं. माझा आग्रह एवढाच की पंपाच्या प्रश्नावर घरचे आणि डॉक्टर जेवढा वेळ बोलतात, निदान तेवढाच वेळ ऑपरेशनआधीच्या हिमोग्लोबिनवर, अँजिओग्राफीनंतर थांबण्यावर आणि पिशवीच्या तळाशी सापडलेल्या पट्टीवर बोलावं.

गावातल्या डॉक्टरांना मराठीत पत्र दिलं : ईजीएफआर ३५ धरून औषधांचे डोस ठरवा, डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक यांतलं काहीही नको, इंजेक्शननंही नको, जुलाब-उलट्या झाल्या तर त्या दिवसांपुरतं टेल्मिसार्टन, डॅपाग्लिफ्लोझिन आणि मेटफॉर्मिन थांबवा, रक्त काढायचं ते उजव्या हातातून, डावा हात राखून ठेवा, दर तीन महिन्यांनी क्रिएटिनिन, पोटॅशियम, हिमोग्लोबिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन.